बाकीची नऊ

गावात तिला मास्तरीण म्हणत. ती कुठल्या शाळेत शिकवत नव्हती, आणि स्वतः शिकली होती तीही बेताचीच. पण रोज दिवेलागणीच्या आधी ती आपल्या दोन पोरांना चटईवर बसवून देवाच्या गोष्टी सांगायची, आणि तेवढं निमित्त गावाला पुरलं. मेंढक्याच्या बायकोनं मास्तरीण व्हावं याची लोकांना गंमत वाटायची. तिला सुरुवातीला टोचायचं, मग अंगवळणी पडलं.

लहानपणी ती मिशनच्या वसतिगृहात वाढली होती. तिथल्या बाईंनी सगळ्या गोष्टी छडीच्या धाकानं तोंडपाठ करून घेतल्या होत्या. एक शब्द इकडचा तिकडे झाला की हातावर वळ. गोष्टी पाठ झाल्या, पण प्रभूचं नाव घेतलं की आधी तळहात चुरचुरायचा. आपल्या पोरांचं असं होऊ द्यायचं नाही, हे तिनं थोरली पोटात असतानाच ठरवून टाकलं होतं. प्रार्थनामंदिर तीन कोसांवर, पाळक यायचे महिन्यातून एकदा, तेही रस्ता धड असला तर. तेव्हा जे शिकवायचं ते घरातच, खेळता खेळता, हाताशी असेल त्या वस्तूनं.

हाताशी मीठ होतं, पीठ होतं, दिवा होता. एके दिवशी तिनं दोन रोट्या भाजल्या, एक मिठाची, एक बिनमिठाची, आणि डोळे मिटून पोरांना खायला लावल्या. दुसऱ्या दिवशी पेटता दिवा बादलीखाली झाकला. दिवा गुदमरून विझला, काजळीचा वास सुटला, आणि पाच वर्षांचा धाकटा म्हणाला, "झालं. आता अंधारात जेवा." पत्र्याच्या डब्यात घेवड्याचे दाणे पेरले, थोडे खडीत, थोडे मातीत. थोरली रोज सकाळी डब्यात डोकावायची. ती नऊ वर्षांची होती आणि तिला प्रत्येक गोष्ट मनापासून पटायची. एखाद्या माणसानं शब्द दिला म्हणजे तो पाळणारच, अशा विश्वासानं ती गोष्टी ऐकायची.

मेंढका तेव्हा कोपऱ्यात दोर वळत बसलेला असायचा. त्याला वाचता येत नव्हतं. गोष्टी हे बायकोचं खातं, मेंढरं हे आपलं, अशी वाटणी त्यानं न बोलता करून टाकली होती. प्रार्थनेला तो डोळे मिटायचा आणि बरेचदा आमेनच्या आधी घोरायला लागायचा.

हरवलेल्या मेंढराची गोष्ट तिनं गारगोट्यांनी सांगितली. गोष्टीतल्या शंभर मेंढरांऐवजी नदीच्या कोरड्या पात्रातून दहा गारगोट्या आणल्या. त्यातली एक धाकट्यानं लपवायची, थोरलीनं नऊ तिथंच ठेवून उठायचं आणि ती एक शोधून आणायची. सापडली की सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. धाकटा गारगोटी दर वेळी स्वतःच्या गालात लपवायचा आणि गाल फुगवून गंभीर तोंडानं बसायचा. थोरली सगळं घर पालथं घातल्याचं नाटक करून शेवटी त्याचा गाल दाबायची.

तिसऱ्या की चौथ्या संध्याकाळी थोरली उठता उठता थांबली.

"आई, तो मेंढका एकाला शोधायला गेला, तेव्हा बाकीच्या नऊंना कोण बघत होतं?"

आईचे हात पिठात होते, चुलीत लाकूड धुमसत होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं. तिनं वळूनही बघितलं नाही.

"बाकीची शहाणी होती. जागची हलली नाहीत."

"सगळी?"

"सगळी. देव होता ना बघायला. चल, शोध लवकर, रोट्या व्हायच्यात."

कोपऱ्यात दोर वळणारा हात जरासा थांबला. मेंढक्यानं पोरीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि मग परत दोर वळायला लागला. गोष्ट ही गोष्ट असते, त्यात आपण कशाला नाक खुपसायचं, असं त्याला वाटलं असावं. थोरलीनं मान डोलावली. तिला पटलं होतं.

त्या वर्षी पाऊस दोनदा तोंड दाखवून गेला तो गेलाच. गावाच्या भोवतीचं गवत आधी पिवळं पडलं, मग करडं, मग ते मुळासकट वाऱ्यावर गेलं. गावाची साठ-पासष्ट मेंढरं मेंढका राखायचा. सकाळी घराघरातून जमवायची, संध्याकाळी ज्याची त्याला पोचवायची. त्यात त्याची स्वतःची चार आणि एक कोकरू. कोकराची आई विताना मेली होती, मागचा एक पाय जन्मापासून वाकडा होता. थोरलीनं त्याला बाटलीनं दूध पाजून जगवलं होतं. सगळे त्याला लंगडंच म्हणत.

अशा दिवसांत मेंढक्याच्या पायात काटा मोडला. काटा लहान होता, पण आत राहिला, पिकला, आणि आठ दिवसांत पाऊल सुजून घोट्याचा पत्ता लागेना. डॉक्टरनं चीर देऊन पू काढला आणि पंधरा दिवस पाय जमिनीला टेकवायचा नाही म्हणून बजावलं. दुष्काळात हा तेरावा महिना. मेंढरांना काही पंधरा दिवस उपाशी ठेवता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशीपासून बायको आणि थोरली मेंढरं घेऊन निघाल्या. धाकटा बापाजवळ राहिला, पाणी द्यायला आणि माश्या हाकायला.

मेंढका खाटेवरून सूचना द्यायचा. सकाळी वाऱ्याच्या तोंडाला चारायचं. उतारावर सोडायचं नाही. घंटी बांधलेली म्हातारी मेंढी जाईल तिकडे बाकीची जातात, म्हणून काठी तिच्यावर ठेवायची. तहानलेल्या मेंढरांना एकदम पाण्यावर घालायचं नाही.

"उंटावरून शेळ्या हाकणारा ऐकला होता," बायको डोक्याला फडकं बांधत म्हणाली, "खाटेवरून मेंढरं हाकणारा आजच बघितला."

तो हसला नाही. "अगं, आणि विहिरीच्या पलीकडे तो सोडून दिलेला ज्वारीचा तुकडा आहे ना, त्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नका. पाण्याविना खुरटलेल्या ज्वारीचे ते हिरवे फुटवे म्हणजे विष. चार घास पोटात गेले की खेळ खलास."

"माहीत आहे. गावात कुणाला माहीत नाही?"

"तरी सांगतो."

नऊ दिवस निभावलं. दिवस उगवायच्या आत निघायचं, करड्या माळावर मेंढरांना मुळं उकरू द्यायची, ऊन चढलं की विहिरीजवळच्या झाडांखाली आणायचं. विहीर खोलगटात होती, झाडांपासून हाकेच्या पलीकडे. आई दोरानं पाणी शेंदून दगडी कुंडीत ओतायची, आणि थोरली वर सावलीत मेंढरांपाशी उभी राहायची. पाणी तळाला गेलं होतं. चाळीस हात दोर ओढला की अर्धी बादली गढूळ पाणी हाती यायचं. कुंडी भरेपर्यंत तिचे तळहात सोलवटून निघायचे. त्यावर ती चिंध्या गुंडाळायची, चिंध्या रक्तानं चिकटायच्या, आणि संध्याकाळी कोमट पाण्यात भिजवून सोडवाव्या लागायच्या. तसंच कोमट पाणी पितळीत घेऊन, मीठ घालून थोरली बापाचं पाऊल धुवायची. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले होते हे आईनं सांगितल्यापासून ते काम तिनं कुणाला करू दिलं नव्हतं. जखमेचा वास यायचा. ती तोंड न फिरवता धुवायची.

दहाव्या दिवशी दुपारी आई विहिरीवर असताना थोरलीनं मेंढरं मोजली. ती मन रमवायला मोजत असायची. लंगडं नव्हतं. तिनं पुन्हा मोजलं, झाडांच्या मागे पाहिलं, हाक मारली. सकाळी ज्या घळीतून आलो तिथं ते मागे राहिलं असणार, हे तिच्या लक्षात आलं. आई खोलगटात पाणी शेंदत होती, तिथवर हाक पोचत नव्हती. आईला सांगायला जावं तरी मेंढरं सोडावी लागणार, आणि घळीकडे जावं तरीही. मेंढरं सावलीत एकमेकांच्या पोटाखाली डोकी खुपसून उभी होती, जागची हलत नव्हती. गोष्टीत असंच होतं. ती घळीच्या दिशेनं पळत सुटली.

आईला घंटीचा आवाज आला तो नको त्या बाजूनं. तिनं बादली अर्ध्यावर सोडली आणि खोलगटातून वर चढली. झाडांखाली कुणी नव्हतं. पलीकडे ज्वारीच्या तुकड्यात करड्या पाठी दिसत होत्या आणि हिरवे फुटवे ओरबाडल्याचा आवाज येत होता.

ती ओरडत धावली. दगडावर आपटली, गुडघा फुटला, उठून पुन्हा धावली. कमरेला गुंडाळलेला मेंढक्याचा दोर सोडून तिनं मिळेल त्या पाठीवर फटके मारले. कित्येक दिवसांची उपाशी मेंढरं फटके खाऊनही तोंड वर काढत नव्हती. घंटीवालीच्या मानेला मिठी मारून तिनं तिला ओढत बांधाबाहेर काढलं, तेव्हा कुठं बाकीची मागे आली. सगळी नाही आली. एक मेंढी तिथंच गोल फिरली आणि पुढच्या गुडघ्यांवर बसली. दुसरीच्या तोंडाला फेस आला. आई एकीचं डोकं मांडीवर घेते तोवर दुसरी पाय ताठ करून आडवी व्हायची. काय करावं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि करण्यासारखं फारसं काही नव्हतंही. अर्ध्या तासात सात मेली.

त्याच वेळी थोरली टेकाडावरून उतरताना दिसली. लंगडं तिनं खांद्यांवर घेतलं होतं, दोन पाय एका हातात, दोन दुसऱ्या. चेहरा घामानं आणि आनंदानं चमकत होता.

"आई, सापडलं. घळीत अडकलं होतं. मी एकटीनं काढलं."

घरी गारगोटी सापडली की सगळे टाळ्या वाजवायचे. पोर टाळ्यांच्या आशेनं येत होती. मग तिला आईचा चेहरा दिसला, आणि मग जमिनीवर पडलेली मेंढरं. ती जिथं होती तिथंच उभी राहिली. कोकरू खांद्यावरून उतरवायचंही तिला सुचलं नाही.

संध्याकाळी मेंढक्याच्या अंगणात गाव जमलं. सात मेंढ्या भिंतीकडेला ओळीनं ठेवल्या होत्या, पोटं फुगायला लागली होती. तीन गिरणीवाल्याच्या होत्या, दोन लोहाराच्या, एक झाडू वळणाऱ्या म्हातारीची, एक मेंढक्याची स्वतःची. म्हातारीकडे होती तीच एक. ती मेंढीच्या डोक्याशी बसून तिच्या कपाळावरची लोकर बोटांनी विंचरत होती. मेंढक्याला खाटेसकट अंगणात आणलं होतं. त्यानं दोनदा उठायचा प्रयत्न केला, लोकांनी खाली बसवलं.

गिरणीवाला दांडगा माणूस, पण वरच्या पट्टीत बोलायची त्याला सवय नव्हती. दिवसभर यंत्राच्या आवाजात राहिल्यामुळे बाहेर आला की तो हळू बोलायचा.

"पोरीला काही म्हणायचं नाही," तो म्हणाला. "लहान आहे. पण मला एवढं कळलं पाहिजे, मेंढरं टाकून ती गेली कुठं होती?"

"कोकरू शोधायला," मेंढका म्हणाला.

"कुणाचं कोकरू?"

लोहाराची बायको म्हणाली, "त्यांचंच. ते लंगडं. बघा की, जिवंत आहे."

लंगडं खाटेच्या पायाशी बाटलीसाठी ओरडत होतं. अंगणात कुजबूज झाली. कुणीतरी म्हणालं, आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. थोरलीचे कान लाल झाले.

"पोरी," गिरणीवाला खाली वाकून म्हणाला, "एकासाठी सगळा कळप सोडून जायचं, हे तुला कुणी शिकवलं?"

थोरलीनं आईकडे पाहिलं.

आईला सगळं कळत होतं. आत्ता बोललं पाहिजे हेही कळत होतं. पण बोलायचं काय? आमच्या प्रभूच्या गोष्टीत असं आहे म्हणून? या अंगणात बहुतेकांचा देव वेगळा होता. मास्तरणीच्या गोष्टींनी सात मेंढरं खाल्ली, हे उद्या पाणवठ्यावर कसं बोललं जाईल ते तिला आत्ताच ऐकू येत होतं. आपल्यामुळे प्रभूच्या नावाला हसतील, असं तिनं मनाशी म्हटलं. पण खरं कारण त्याहून लहान होतं. तिला लाज वाटत होती. तिनं मान खाली घातली आणि हातावरच्या चिंधीची गाठ सोडायला लागली.

थोरलीनं थोडा वेळ वाट बघितली.

"कुणी नाही," ती म्हणाली. "मीच गेले."

त्यापुढे फार बोलणं झालं नाही. उद्यापासून ज्यानं त्यानं आपापली मेंढरं बघावी असं ठरलं. मेंढक्याचा पाय बरा झाल्यावर काम त्यालाच द्यायचं की नदीपलीकडच्या माणसाला बोलवायचं, ते नंतर बघू. माणसं मेलेली मेंढरं ओढत घेऊन गेली. म्हातारीला ओढवेना, तेव्हा लोहारानं तिची मेंढी खांद्यावर टाकली.

दोन दिवस घरात सगळं वेळच्या वेळी झालं आणि कुणी कुणाशी बोललं नाही. दोन्ही संध्याकाळी आईनं चटई अंथरली. धाकटा येऊन बसला. थोरली बापाचं पाऊल धुवायला बसली, आणि पाऊल धुऊन झालं तरी पितळी घासत राहिली. प्रार्थनेला तिनं डोळे मिटले नाहीत. गारगोट्यांचा डबा रिकामा होता. धाकट्यानं चहाडी केली, ताईनं गारगोट्या रस्त्यावर फेकून दिल्या.

"फेकू दे," आई म्हणाली.

गोष्ट सांगायला तिनं तोंड उघडलं, पण तिच्या तळहाताला चुरचुर व्हायला लागली. वीस वर्षांत झाली नव्हती. छडीनं आपल्याला जे केलं ते आपण पोरीला छडीशिवाय केलं, असं तिला वाटलं. तिला रडू आलं आणि धाकट्यासमोर रडायचं नाही म्हणून ती चूल फुंकायला गेली. चुलीत जाळ नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी पोरं पाण्याला गेल्यावर मेंढक्यानं तिला हाक मारली.

"अगं, बस इथं."

ती खाटेच्या कडेला बसली.

"पोरगी खोटं बोलली," तो म्हणाला. "आजवर मी तिला खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. परवा सगळ्या गावासमोर बोलली. तुझ्यासाठी."

"मला कळलं नाही असं वाटतं का तुम्हाला?"

"तसं नाही म्हणत. मलाही माहीत होतं ना. मी पण तोंडात मूग धरून बसलो." त्यानं सुजलेला पाय हातांनी उचलून जरा सरकवला. "तिनं तुला विचारलं होतं, बाकीच्या नऊंना कोण बघत होतं. तेव्हा मी इथंच दोर वळत होतो. मी मेंढका. मला उत्तर येत होतं."

"काय उत्तर?"

"घंटीवालीला बांधायचं. आणखी काय? दुपारच्या विसाव्याला मी झाडामागे लघवीला जरी गेलो ना, तरी आधी घंटीवालीला झाडाला बांधतो. ती हलली नाही की कुणी हलत नाही. दोर असतो तो त्यासाठीच."

ती त्याच्याकडे बघत राहिली. दहा दिवस तो दोर तिच्या कमरेला होता. त्याचा उपयोग तिनं शेवटी फटके मारायला केला होता.

"मग हे तुम्ही सांगितलं का नाही? सतरा गोष्टी सांगितल्या खाटेवरून."

"हे सांगायचं असतं हेच डोक्यात आलं नाही. बापानं मला कधी सांगितलं नव्हतं, मी बघत आलो. श्वास घे म्हणून कुणी सांगतं का?" त्यानं पायावरची माशी हाकली. मग म्हणाला, "गोष्टीतला तो मेंढकाही बांधूनच गेला असणार. प्रभूनं ते सांगितलं नसेल, कारण ऐकायला बसलेले निम्मे मेंढकेच असतील. त्यांना काय सांगायचं? मला आपलं असं वाटतं. मला वाचता येत नाही."

बारा वर्षांच्या संसारात गोष्टींबद्दल तो इतकं कधी बोलला नव्हता. आणि तिनंही त्याला कधी विचारलं नव्हतं. घरात मेंढका असून मेंढराची गोष्ट तिनं वसतिगृहातल्या बाईंच्या तोंडची सांगितली होती. त्या बाईंनी मेंढरू लांबूनही पाहिलं नसेल.

पोरं पाणी घेऊन आली. तिनं थोरलीच्या डोक्यावरची कळशी उतरवली आणि दळणाचा डबा तिच्या हातात दिला. "चल माझ्याबरोबर. गिरणीत जायचंय."

"दळण परवाच झालंय."

"थोडंच आहे. चल."

गिरणीत सकाळची गर्दी होती. सात-आठ बायका डबे रांगेत ठेवून भिंतीला टेकल्या होत्या. झाडू वळणारी म्हातारी उंबऱ्यात झाडू मांडून बसली होती. दोघी आत आल्या तशा बायका बोलायच्या थांबल्या. यंत्र चालूच होतं, पट्टा फटफटत होता. आई रांगेत उभी राहिली नाही, सरळ गिरणीवाल्याच्या समोर गेली. तिचे ओठ हलले, पण आवाजात काही ऐकू गेलं नाही. गिरणीवाल्यानं कानाला हात लावला. तिनं पुन्हा सांगितलं. शेवटी त्यानं यंत्र बंद केलं. पट्टा थांबेपर्यंत सगळे वाट बघत राहिले.

"परवा तुम्ही माझ्या मुलीला विचारलंत, कुणी शिकवलं," ती म्हणाली. एवढ्या शांततेत तिला स्वतःचाच आवाज मोठा वाटला. "मी शिकवलं. आमच्या शास्त्रात एक गोष्ट आहे. कळपातलं एक मेंढरू हरवतं, आणि मेंढपाळ बाकीची ठेवून त्याला शोधायला जातो. मी ती घरी खेळ करून शिकवली. ती स्वतःच्या कोकरासाठी गेली नाही. लोहाराचं असतं तरी गेली असती, तुमचं असतं तरी गेली असती. हरवलेल्याला शोधायचं, असं तिच्या आईनं तिला सांगितलं होतं म्हणून गेली. परवा मी अंगणात गप्प बसले. ती माझ्यामुळे खोटं बोलली."

भिंतीकडून एक बाई फिसकन हसली. "म्हणजे तुमच्या देवानंच शिकवलं म्हणा की."

"देवानं पुरं शिकवलं असेल. मी अर्धं शिकवलं. तिनं मला विचारलं होतं, बाकीची कोण सांभाळतं. मला माहीत नव्हतं. माहीत नाही म्हणायच्या ऐवजी मी काहीतरी ठोकून दिलं, कारण माझ्या रोट्या व्हायच्या होत्या."

आता कुणी हसलं नाही. तिनं मागे वळून पाहिलं नव्हतं, पण थोरली दोन्ही हातांनी डबा पोटाशी धरून उभी आहे हे तिला कळत होतं. गिरणीवाल्यानं भुवयांवरचं पीठ पुसलं.

"माझ्या तीन गेल्या," तो म्हणाला.

"हो."

"कारण कळलं म्हणून त्या परत यायच्या नाहीत."

"नाही येणार."

त्यानं थांबलेला पट्टा हातानं चाचपला. "नवऱ्याला आधी उभा राहू दे. मग बसू." एवढं बोलून त्यानं तिच्या डब्याकडे हात केला, आणि थोरलीनं तो पुढे दिला.

बाहेर पडताना उंबऱ्यातल्या म्हातारीपाशी ती थांबली. आपली दुसरी मेंढी, काळ्या तोंडाची, संध्याकाळी आणून बांधते म्हणाली. म्हातारीनं झाडूची मूठ आवळता आवळता वर पाहिलं.

"आण," ती म्हणाली. "नाही म्हणायची माझी ऐपत नाही." मग थोरलीकडे बघून म्हणाली, "तू रोज येऊन पाला टाकत जा तिला. माझे गुडघे चालत नाहीत."

थोरलीनं मान डोलावली. घरापर्यंत ती आईच्या दोन पावलं मागून चालली. आईनं हात मागे केला नाही, आणि पोरीनं तो धरला नाही. पण नदीच्या पात्रात पोरगी थांबली, बसली, आणि वाळूत काहीतरी वेचत राहिली. आई पुढे जाऊन उभी राहिली. ऊन चढत होतं, पण तिनं घाई कर असं म्हटलं नाही.

संध्याकाळी म्हातारीकडे मेंढी पोचवून आल्यावर आईनं चटई अंथरली. मेंढका खाटेवरून सरकत सरकत खाली आला आणि पाय लांब करून चटईच्या कडेला बसला. असं तो कधी बसला नव्हता. धाकट्याला वाटलं बाप पडला, तो काठी घेऊन धावला. थोरलीनं पाऊल धुतलं, पितळी ओतून दिली, घासली, पालथी घातली. मग ती आली आणि खिशातून दहा नव्या गारगोट्या काढून तिनं चटईवर ठेवल्या. त्यातली एक मोठी होती आणि काळी.

"आई," ती म्हणाली, "बाकीच्या नऊंना कोण बघत होतं?"

"मला माहीत नाही, बाळा. मला तेव्हाही माहीत नव्हतं. बाबांना माहीत आहे."

मेंढक्यानं घसा साफ केला. प्रार्थनेला झोपणारा तो माणूस लाजला होता. त्यानं काळी गारगोटी उचलली, ही घंटीवाली म्हणाला, आणि दोर कसा, गाठ कशी, झाड कुठलं निवडायचं, ते सावकाश सांगितलं. थोरलीनं एकदाही डोळे हलवले नाहीत.

"आणि ती सात?" सगळं ऐकून झाल्यावर तिनं विचारलं.

बापानं आईकडे पाहिलं. आईला काहीतरी गोड सांगता आलं असतं. ती सात आता देवाच्या कुरणात आहेत, असं काहीतरी. शब्द तोंडापर्यंत आले होते.

"ती मेली," ती म्हणाली. "ती माझ्या हातून गेली. तुझ्या नाही. त्यांचं पुढे काय होतं ते मला कुणी सांगितलेलं नाही."

थोरलीनं हे ऐकलं आणि चटईवरच्या गारगोट्या एकेक करून सरळ लावल्या. धाकट्याला एवढा वेळ धीर नव्हता. त्यानं केव्हाच एक गारगोटी उचलली होती, आणि आता तो गाल फुगवून, गंभीर तोंडानं भिंतीकडे बघत बसला होता.

थोरलीनं त्याच्याकडे पाहिलं. मग आईच्या हातावरच्या चिंधीतून एक सूत काढलं, काळ्या गारगोटीला दोन वेढे घातले, आणि दुसरं टोक खाटेच्या पायाला बांधलं. गाठ ओढून बघितली. बापानं मान हलवली, तेव्हा तिनं ती आणखी एकदा ओढून बघितली.

मग ती शोधायला उठली.